बाळाच्या वृषणातील गाठ: ए.एफ.पी.चा आकडा बाळाच्या वयाशी ताडून पाहा

ताई, पाच महिन्यांच्या बाळाच्या वृषणात न दुखणारी गाठ, ए.एफ.पी. (अल्फा-फीटोप्रोटीन, काही गाठींत रक्तात वाढणारे प्रथिन) ५८ आणि ‘संपूर्ण वृषण काढावे लागेल’ असे सांगून शस्त्रक्रियेसाठी दिलेली परवाची तारीख, हे आपण लिहिलेले वाचले आणि सात वर्षांपूर्वीचा आमचा आठवडा डोळ्यांपुढे उभा राहिला. मी डॉक्टर नाही. निर्णय बालशल्यचिकित्सकांचाच असावा.

आमचा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता. त्याचा ए.एफ.पी. ९२ आला आणि प्रयोगशाळेने शेजारी ‘१० पेक्षा कमी’ ही मर्यादा छापून तो आकडा ठळक केला. ती मर्यादा मोठ्या माणसांची होती. नवजात बाळाच्या रक्तात हे प्रथिन हजारोंच्या घरात असते आणि मोठ्यांच्या पातळीवर उतरायला त्याला आठ महिने ते वर्षही लागते, त्यामुळे त्या वयात ९२ या एकट्या आकड्यावरून कर्करोग ठरत नाही. हे मला फार उशिरा कळले. अहवालाच्या खिडकीवर मी वयाचे विचारले होते. ‘मशीन छापते तेच आम्ही देतो’ एवढेच उत्तर मिळाले. तान्ह्या बाळाच्या अहवालावर प्रौढांची मर्यादा छापणे हा माझ्या मते अक्षम्य हलगर्जीपणा आहे.

घाबरून आम्ही मिळेल ती पहिली तारीख घेतली. त्या दिवशी तिथे फ्रोझन सेक्शनची, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठ तपासण्याची, सोय नव्हती आणि आम्ही ते विचारलेही नाही. वृषण काढले गेले. दहा दिवसांनी अहवाल आला: टेराटोमा, जो या वयात सहसा निरुपद्रवी असतो. वृषण बहुधा वाचले असते. मुलगा आज ठणठणीत आहे, दुसरे वृषण नीट आहे, तरीही संमतीपत्रावरची ती सही मला विसरता येत नाही.

म्हणून आजच शल्यचिकित्सकांना विचारा की वृषण राखून गाठ काढण्याचा विचार होऊ शकतो का आणि त्या दिवशी फ्रोझन सेक्शनसाठी पॅथॉलॉजिस्ट (गाठीचा नमुना तपासणारे डॉक्टर) हजर असतील का. या पद्धतीत जांघेतून छेद घेतात, रक्तपुरवठा तात्पुरता थांबवतात, गाठ सोलून तपासायला पाठवतात आणि ती साधी निघाली तर वृषण पुन्हा जागेवर बसवतात. योक सॅक ट्यूमरसारखी घातक गाठ निघाली तर मात्र त्याच वेळी संपूर्ण वृषण काढणेच योग्य. तिथे हट्ट धरू नये. अंडकोषाच्या पिशवीतून सुई घालून नमुना घेऊ देऊ नका. पॅथॉलॉजिस्टसाठी तारीख दोन-चार दिवस पुढे गेलेली चालेल का, हे त्यांनाच विचारा. आठवडे मात्र दवडू नका. विम्याच्या पूर्वमंजुरीत दोन्ही शक्यता लिहून घ्या आणि नंतर गाठीच्या नमुन्याच्या स्लाइड (काचपट्ट्या) व ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) मागून जपून ठेवा, कारण दुसरे मत घ्यायचे झाल्यास तेच लागतात.