आधी डिस्क बदला, बोर्डाला हात लावू नका

लग्नाचे अल्बम करताना फोटोशॉप अडकतं, काय बदलू, असं तुम्ही विचारलंय. आय5-4570 प्रोसेसर, एच81 बोर्ड (मदरबोर्ड), 4-4 जीबीच्या दोन रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क, लग्नाचे अल्बम, आणि "आता सगळंच बदला" म्हणणारा दुकानदार. तुमच्या पोस्टमधलं हे सगळं माझंही असंच होतं, फक्त तुमचं 30 हजारांचं बजेट माझ्यापेक्षा बरं आहे. म्हणून जरा लांबलचक लिहिते. मी हार्डवेअरवाली नाही, डिझाइनवाली आहे. कोणी जाणकार चूक दाखवेल तर ऐका त्याचं.

12×36 इंचाचं पान 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) म्हणजे 3600 गुणिले 10800 पिक्सेल. आरजीबीत एकच भरलेला लेयर 117 एमबीच्या आसपास जातो. त्यावर जोडप्याचे फोटो, मास्क, सावल्या चढवल्या की 8 जीबी रॅम कुठल्या कुठे संपते. मग फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर (रॅममध्ये न मावलेलं तात्पुरतं ठेवायची जागा) लिहायला लागतं, आणि तुमच्याकडे ती म्हणजे विंडोज आणि सगळे फोटो ज्या हार्ड डिस्कवर आहेत तीच. पुढच्या वेळी अडकलं की टास्क मॅनेजर उघडा. डिस्क 100 टक्के आणि प्रोसेसर निवांत दिसला, तर दुकानदाराचं ऐकायचं कारणच उरत नाही.

तेव्हा साटा केबलने जोडायची एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान डिस्क) घ्या, जमल्यास 500 जीबीची, आणि त्यातली शंभरेक जीबी स्क्रॅचसाठी कायम मोकळी ठेवा. विंडोज आणि फोटोशॉप एसएसडीवर जाऊ देत, फोटो हार्ड डिस्कवरच राहू देत. एच81 ला साटाचे चार पोर्ट असतात, पण वेगवान, 6 जीबीपीएसचे दोनच. एसएसडी त्यातल्याच एकात लागली का ते कॅबिनेट उघडं असतानाच बघा, कारण बसवणारे पोरगे हाताला येईल तिथे केबल खोचतात. रॅमचे स्लॉट दोनच, म्हणून दोन्ही काढून 8-8 च्या टाकाव्या लागतील. 16 जीबीच्या पुढे हा बोर्ड जात नाही. या बोर्डाला लागणारी डीडीआर3 ही जुन्या प्रकारची रॅम सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, फक्त टेस्टिंगची मुदत मागून घ्या. एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर फुकट आलेला असेल तर तोही बदला. जीटी 710 सारखं ग्राफिक्स कार्ड कोणी गळ्यात मारत असेल तर नको म्हणा.

आता बोर्डाचं. मी दुकानदाराचं ऐकून नवा बोर्ड आणि प्रोसेसर घेतला, पक्क्या बिलावर. ऐन लग्नसराईत डिस्प्ले जायला लागला. दुकानदार म्हणाला, वॉरंटी कंपनीची, सर्व्हिस सेंटरला तुम्हीच जा. गेले. काउंटरवरचा मुलगा प्रश्न माझ्या भावाला विचारत होता, ज्याला कॉम्प्युटरचं सुरू-बंद करण्यापलीकडे काही माहीत नाही. बोर्ड घेतला, पावतीवर सिरियल नंबर आणि "नो डिस्प्ले" एवढंच लिहिलं. मग "पार्ट यायचाय", "साहेब रजेवर आहेत", "तुम्हाला फोन येईल". शेवटी उत्तर आलं ते हे: सॉकेटमधल्या (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेतल्या) पिना वाकल्यात, फिजिकल डॅमेज, वॉरंटी लागू नाही. घेताना का नाही सांगितलं विचारलं, तर म्हणे घेताना आम्ही सॉकेट बघत नाही. मग वाकवल्या कोणी, हे कसं ठरलं? 1915 वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. कंपनीचं उत्तर तेच, फक्त इंग्रजीत. माझ्याकडे पिना सरळ असल्याचा पुरावा नव्हता, विषय संपला. अल्बम दुसऱ्याच्या मशीनवर पैसे देऊन करून घेतले आणि बोर्ड पुन्हा विकत घेतला. त्या सिझनची कमाई त्यातच गेली.

त्यामुळे बोर्ड बदलायची वेळ आलीच, तर सॉकेटवरचं काळं प्लास्टिकचं झाकण दुकानदाराला फेकू देऊ नका, मागून घ्या. सेंटरला देताना पिनांचा जवळून फोटो काढा, तोही काउंटरवर, त्यांच्यासमोर. पावतीवर "सॉकेट पिना ठीक" असं लिहून सही घ्या. कुरकुर करतात, करू द्यात. इंटेलऐवजी एएमडी कंपनीचा प्रोसेसर घेतला, तर तिच्या एएम4 सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, त्यामुळे बोर्डावर हा आळ येत नाही. पण तिथे हीटसिंक (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) ओढताना पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो, म्हणून आधी मशीन थोडा वेळ चालवून तापवायचं, बंद करायचं, आणि मग हीटसिंक हलकं फिरवून काढायचं.

बिनबिलाचं घेतलं तर जीएसटीचे 18 टक्के वाचतील असं तुमचा दुकानदार म्हणतो. अजिबात नको. बिल असून माझं हे झालं, बिनबिलाचं घेतलं असतं तर दारातही उभं केलं नसतं. आणि तुमचं जीएसटी रजिस्ट्रेशन असेल तर बहुधा इनपुट क्रेडिट मिळेल, सीएला विचारा.

एक गोष्ट मात्र दुकानदाराच्या बाजूची: या प्रोसेसरवर विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, त्याला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, आणि विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट ऑक्टोबर 2026 पर्यंत मिळतात, त्यासाठी नोंदणी करा. मी तरी त्या मशीनवर बँकेचं काम करणार नाही, आणि गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह स्कॅन केल्याशिवाय उघडणार नाही. वर्षा-दोन वर्षांत मशीन बदलावंच लागेल, पण तेव्हा ही एसएसडी आणि चांगला एसएमपीएस बहुतेक पुढे चालतील. डीडीआर3 रॅम मात्र चालणार नाही, म्हणूनच ती नवी घेऊ नका म्हणते.

प्रिंट काळपट येते असं शेवटी लिहिलंय तुम्ही, त्याचा कॉम्प्युटर जुना असण्याशी संबंध नाही. मॉनिटरचा ब्राइटनेस 100 वर असेल. प्रिंट करणाऱ्या लॅबकडून आलेलं एक पान शेजारी धरा आणि स्क्रीन त्याच्यासारखी दिसेपर्यंत ब्राइटनेस खाली आणा. याला पैसे लागत नाहीत, आजच करा.