प्रश्न वाचकांचे: स्पीकरमधली गुणगुण

प्रश्न: ॲम्प्लिफायरला टीव्ही आणि लॅपटॉप जोडले आहेत. गाणे चालू नसतानाही स्पीकरमधून सतत खर्जातली गुणगुण येते. एकाने ॲम्प्लिफायरच्या प्लगची अर्थ पिन काढायला सांगितली. तसे केल्यावर आवाज थांबला. असेच चालू ठेवावे का?

उत्तर: नाही. ती पिन आजच परत बसवा. आतली फेज वायर सुटून पत्र्याच्या पेटीला टेकली, तर प्रवाह अर्थमधून निघून जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. अर्थ नसेल तर पेटीत वीज उतरून राहते आणि तिला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

मात्र पिन काढल्यावर आवाज थांबला, यावरून दोषाचे नाव कळले: ग्राउंड लूप. ॲम्प्लिफायर त्याच्या प्लगमधून अर्थला जोडलेला आहे, शिवाय ऑडिओ केबलच्या शील्डमधून (आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून) टीव्ही किंवा लॅपटॉपमार्फतही. दोन वाटा मिळाल्या की वेढा तयार होतो आणि शील्डमधून ५० हर्ट्झचा (काही देशांत ६०) बारीकसा प्रवाह वाहू लागतो. आरसीए केबलमध्ये (टीव्ही-ॲम्प्लिफायर जोडणारी नेहमीची लाल-पांढऱ्या टोकांची) हीच शील्ड सिग्नलच्या परतीची तारही असते. त्यामुळे शील्डवर पडणारा व्होल्टेज थेट गाण्यात मिसळतो.

आता वेढा नेमका कुठे आहे ते शोधा. ॲम्प्लिफायर बंद करून इनपुटच्या सगळ्या केबल काढा, मग चालू करा. शांतता असेल तर एकेक केबल जोडत जा; प्रत्येक वेळी आधी ॲम्प्लिफायर बंद करायचा, नाहीतर जोडताना बसणारा धक्का स्पीकर सहन करतो. जिच्यामुळे गुणगुण परत येईल ती वाट दोषी. लॅपटॉपचा संशय असल्यास चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. टीव्हीचा असल्यास आधी डिश किंवा केबलची कोॲक्स वायर उपटा. बाहेरून येणारी ही वायर स्वतंत्रपणे अर्थ केलेली असते, आणि बहुतेक वेळा चोर इथेच सापडतो.

सगळी उपकरणे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घेतली की पुष्कळदा गुणगुण ऐकू न येण्याइतकी कमी होते. तेवढ्याने भागले नाही तर टीव्हीपासून ऑप्टिकल केबल घ्या. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, म्हणून वेढाच तुटतो. लॅपटॉपच्या ॲनालॉग जोडणीसाठी १:१ चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा; तो दोन्ही बाजूंच्या तारा न जोडता सिग्नल तेवढा पुढे देतो. फार स्वस्त असेल तर त्याचा गाभा लहान असतो आणि खालचा बास बारीक होतो. महागडे पॉवर फिल्टर या दोषावर घेऊ नका. बहुतेक फिल्टर अर्थची तार जशीच्या तशी पुढे देतात, वेढा कायम राहतो.

प्रश्न: फक्त टर्नटेबल लावल्यावरच गुणगुण येते. का?

उत्तर: मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज (तबकडीवरच्या सुईमागचा, हलत्या चुंबकावर चालणारा भाग) जेमतेम ३ ते ५ मिलीव्होल्ट देते. फोनो स्टेज (टर्नटेबलसाठीचा पहिला ॲम्प्लिफायर) १,००० हर्ट्झला ते साधारण १०० पट वाढवतो, पण तबकडीवर मुद्दाम कमी ठेवलेला बास परत भरून काढणाऱ्या आरआयएए भरपाईमुळे ५० हर्ट्झला हीच वाढ सुमारे ७०० पट होते. थोडासा दोषही म्हणून मोठा ऐकू येतो. टर्नटेबलची बारीक सुटी तार फोनो स्टेजच्या ‘जीएनडी’ (ग्राउंड) स्क्रूला घट्ट बसली आहे ना, ते पाहा. नंतर टर्नटेबल ॲम्प्लिफायरवरून उचलून बाजूला ठेवा. आतल्या ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिजच्या कॉइलमध्ये शिरते, आणि त्यावर अंतर वाढवणे हाच खरा उपाय. एकाच चॅनेलमध्ये आवाज असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांपैकी एखादी सैल असण्याची शक्यता जास्त.

प्रश्न: सगळ्या केबल काढल्या, व्हॉल्यूम शून्यावर आणला, तरी जुना ॲम्प्लिफायर गुणगुणतो.

उत्तर: आधी कान स्पीकरला लावा, मग पेटीला. पेटीच वाजत असेल तर ट्रान्सफॉर्मरची यांत्रिक थरथर आहे. त्याचा मधला बोल्ट आणि रबरी वॉशर तपासा. आवाज स्पीकरमधूनच येत असेल आणि व्हॉल्यूमने बदलत नसेल, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर वाळले असावेत. एसीचे डीसी करणाऱ्या फुल वेव्ह रेक्टिफायरनंतर उरणारा चढउतार, म्हणजे रिपल, १०० हर्ट्झचा असतो, म्हणून हा आवाज किंचित वरच्या पट्टीतला आणि करकरीत वाटतो.

बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच ठेवा, व्होल्टेज तेवढा किंवा जास्त, आणि ध्रुव उलटू देऊ नका. त्याआधी प्लग काढून, १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर प्रत्येक कपॅसिटरवर मिनिटभर धरून चार्ज उतरवा. रेझिस्टरचे पाय उघड्या बोटांनी धरायचे नाहीत. १ व्होल्टच्या खाली आल्याचे मीटरवर दिसल्याशिवाय हात घालू नका. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) ॲम्प्लिफायर असेल तर आत काही शे व्होल्ट असतात; तो जाणकार तंत्रज्ञाकडेच द्या.