पेशीला स्वतःचा रंग नसतो

ठाणे, पाचपाखाडी

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नवी मुंबईतल्या मूलपेशींच्या प्रयोगशाळेने तुला चित्रं काढायला सहा महिने येऊन बसायची परवानगी दिली, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण पत्रासोबत पाठवलेल्या आराखड्यात पहिल्याच पानावर निळ्या प्रकाशात चमकणारा एक गोळा आहे आणि त्यातून हृदय, मेंदू, हात उगवताहेत. तो कागद बाजूला ठेव. का, ते सांगते. जरा सविस्तर सांगावं लागेल.

मी पहिल्यांदा मूलपेशी (स्टेम सेल), म्हणजे जिच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात ती पेशी, पाहायला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, तेव्हा मला काहीच दिसलं नव्हतं. जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असते, पाण्यात बुडवलेल्या काचेसारखी. सूक्ष्मदर्शकाला फेज कॉन्ट्रास्टची, म्हणजे पारदर्शक गोष्टींत उजेड-अंधाराचा फरक दाखवणारी, सोय असली की कडा उठून दिसतात, बाकी रंग म्हणून काही नाही. पुस्तकांतला जांभळा-गुलाबी रंग हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगद्रव्यांचा, म्हणजे माणसाने चढवलेला. त्यातलं हिमॅटॉक्सिलिन एका झाडाच्या लाकडातून काढतात. पेशी वाढवायच्या डिशमध्ये तुला त्यांच्या खाण्याचा गुलाबी द्रव दिसेल, तो रंग त्यात घातलेल्या फिनॉल रेड या रंगद्रव्याचा. पेशींनी खाऊन-पिऊन द्रव आम्लधर्मी केला की तो पिवळा पडत जातो, आणि तिथली मुलं लांबूनच ओळखतात की यांचं खाणं बदलायला झालंय. रंग वाचणारी ही माणसं आहेत. त्यांच्याकडून तो रंग आधी शीक, मग तुझ्या पेटीतला उघड.

आणि कड बघ. चांगल्या मूलपेशींची वसाहत घट्ट असते, पेशी एकमेकींना बिलगलेल्या, प्रत्येकीत केंद्रक मोठं आणि भोवती जागा थोडी, बाहेरची कड स्वच्छ. ती कड विसविशीत होऊन पेशी पसरू लागल्या की समजायचं, यांनी दुसरं काहीतरी व्हायला घेतलंय. संशोधक रोज सकाळी हे डोळ्यांनी तपासतात. आठवीत तू तांब्याची कड काढताना अख्खा तास घालवला होतास, ते मी विसरलेले नाही. तेच काम आहे हे.

हे शास्त्रच मुळात पाहण्यातून पुढे आलंय. १९६१ साली टोरांटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककलॉक यांनी किरणोत्सर्ग दिलेल्या उंदरांना अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडांच्या आतल्या रक्त घडवणाऱ्या गराच्या, पेशी टोचल्या, तर काही दिवसांनी त्यांच्या प्लीहेवर (पोटातल्या पाणथरीवर) बारीक गाठी उठलेल्या दिसल्या. जितक्या पेशी जास्त टोचल्या, तितक्या गाठी जास्त. त्यांनी त्या मोजल्या आणि विचारलं, एकेक गाठ एकाच पेशीचा पसारा असेल का? पुढे ते तसंच निघालं.

चित्रकाराचा हातही इथे जुना आहे. कॉनराड वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९४० च्या आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला जॉन पायपर या चित्रकाराकडून नदीच्या खोऱ्याचं चित्र घेतलं. पेशी घडत जाताना कशा वाटा घेते, ते सांगण्यासाठी. १९५७ मध्ये त्याचाच डोंगरउतार झाला: वरून गोटी, म्हणजे पेशी, सुटते, घळीघळीतून खाली येते, एका घळीत शिरली की शेजारच्या घळीत जाणं अवघड. अजूनही हा उतार शिकवताना काढतात. पण बघ, चित्र जेवढं दाखवतं तेवढंच डोक्यात बसवतंही. उतार पाहिला की गोटी परत वर जाईल हे मनातच येत नाही. भाजलेल्या मडक्याची पुन्हा माती होत नाही, असं आपणही मानतोच की. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, आणि २००७ मध्ये माणसाच्या, त्वचेतल्या पेशींत चार जनुकं घालून मडक्याची पुन्हा माती करून दाखवली, म्हणजे घडलेल्या पेशी परत मूलपेशींसारख्या केल्या. २०१२ चं नोबेल त्यांना आणि जॉन गर्डन यांना मिळालं; गर्डन यांनी बेडकावरच्या प्रयोगातून या शक्यतेचं दार १९६२ मध्येच उघडलं होतं. तुझं चित्रही कुणाच्या तरी डोक्यात असंच बसणार आहे.

आता एक गोष्ट, जी मी तुला कधी सांगितली नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका दवाखान्यासाठी मी भित्तिपत्रक केलं होतं. हुबेहूब तुझ्यासारखा गोळा, निळा, आतून उजळलेला, आणि त्याच्याकडे हात पसरलेलं एक मूल. पैसे बरे मिळाले. वर्षभराने माझ्या ओळखीतले एक गृहस्थ आपल्या मुलाला तिथे घेऊन गेले. मुलाला जन्मापासून चालता येत नव्हतं. गावची जमीन विकून त्यांनी इंजेक्शनांचे पैसे भरले. फरक पडला नाही. मला म्हणाले, "बाई, तिथं भिंतीवर चित्र होतं ना, ते बघून वाटलं, होईल." चित्र माझं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना ते सांगू शकले नाही, आणि ते अजून मला खुपतं.

मूलपेशींनी माणसं बरी होतात, हे खरं आहे. १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे रक्ताच्या मूलपेशींचंच रोपण, केलं. आज तुझ्या वाटेवरच्या खारघरला टाटाच्याच अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात ते होतं. पण आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. रक्ताच्या आणि तशा काही ठरावीक आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं, तर बाकी सगळं मान्यता घेतलेल्या चाचणीतच करायचं, उपचार म्हणून विकायचं नाही. प्रदर्शनात तुझ्या चित्रासमोर कुणी आजारी मुलाची आई उभी राहील. तिला समोर ठेवून काढ.

परदेशात याहून धीट कामं झालीत. गाय बेन-अरी या कलाकाराने स्वतःच्या हाताची त्वचा दिली, तिच्यापासून मूलपेशी आणि त्यांच्यापासून चेतापेशी (मेंदूतल्यासारख्या पेशी) करवून घेतल्या, त्या सिंथेसायझरला जोडल्या आणि २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थला वादकासोबत वाजवल्या. मला त्यातलं संगीत तितकंसं आवडत नाही, पण पेशी कुणाची या प्रश्नाला त्याने स्वतःचा हात पुढे केला, हे फार आवडतं. तूही तिथे पहिल्या आठवड्यात विचार: ही पेशी कुणाची, त्या माणसाने संमती कशाला दिली आहे? चित्र काढण्याला दिली आहे का?

मानधन, श्रेय, छायाचित्रं कुणाची, हे आधीच कागदावर घे. मोठ्या ओळखीवर राहू नकोस.

आणि रविवारी जा. पेशींना सुट्टी कळत नाही. ३७ अंशांच्या कपाटातल्या त्या डिशांना खायला घालायला सुट्टीच्या दिवशीही कुणीतरी मुलगी पनवेल गाडी पकडून येते, दिवाळीतसुद्धा. तिच्या बाजूला बस. ती पिपेट कशी धरते, द्रव डिशच्या कडेने कसा सोडते, एखादी वसाहत बिघडली की तिचा चेहरा कसा होतो, ते काढ. पहिला महिनाभर फक्त पेन्सिल. काढलेलं तिला दाखव. "असं नसतं हो ते" म्हणाली की खोडू नकोस, शेजारी पुन्हा काढ. दोन्ही राहू देत.

महिन्याने शनिवारी तलावपाळीला ये, मी गडकरीच्या बाजूच्या बाकावर असेन, पाचनंतर. ती चुकलेली आणि सुधारलेली पानं दोन्ही आण. रंग नको आणूस अजून.

तुझ्या,
चित्रकलेच्या बाई