दिसणे आणि खात्री वाटणे

प्रश्न : आमची होडी हर्णै बंदरातून पहाटे निघते. धुक्यात आमच्या जाळ्याचा बोया दिसला असे कधी मी छातीठोकपणे सांगतो आणि जवळ गेल्यावर तो लाटेचा फेस निघतो; कधी खरा बोया समोर असूनही तोंडातून ‘असावा’ एवढेच येते. डोळे तपासून घेतले, दोष नाही. मग खात्री अशी कमीजास्त का होते?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : दिसणे आणि दिसल्याची खात्री वाटणे या दोन गोष्टी आपण वेगळ्या केल्यात, हे फार योग्य झाले. खात्रीच्या या चढउताराचा एक धागा मेंदूतील विद्युतलहरींकडे जातो. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरी प्रथम नोंदवल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. त्यांतली सेकंदाला सुमारे ८ ते १३ आवर्तनांची ‘अल्फा’ लय डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या बाजूस, जेथे दृष्टीचे केंद्र आहे तेथे, ठळक होते आणि डोळे उघडले की ओसरते.

डोळे उघडे असतानाही ही लय क्षणोक्षणी चढत-उतरत असते. ती क्षीण असते तेव्हा दृष्टिकेंद्रातील पेशी चटकन चेततात. त्यामुळे त्या क्षणी अधिक अचूक दिसत असेल, असे कोणालाही वाटेल. परंतु समाहा, येमी आणि पोसल या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आकृती समोर येण्याच्या किंचित आधी अल्फा क्षीण असेल तर पाहणाऱ्याची खात्री वाढली, उत्तरांची अचूकता मात्र होती तेवढीच राहिली. याचा उलगडा असा केला जातो की, चेतलेल्या पेशी बोयाची खूण जशी उचलून धरतात तशीच फेसाची फसवी चमकही उचलून धरतात, आणि खात्री ठरवताना मन निवडलेल्या उत्तराच्या बाजूचाच पुरावा प्रामुख्याने मोजते, विरुद्ध बाजूचा फारसा मोजत नाही. ‘दिसले की नाही’ एवढेच विचारले, तर अशा क्षणी काहीही नसताना ‘दिसले’ म्हणण्याकडेही कल वाढतो. आपला फेसाचा अनुभव याच जातीचा आहे.

अर्थात सगळा भार अल्फावर टाकणे मला पटत नाही. बोया कुठे असणार हे आपल्याला आधीच ठाऊक असते, आणि ती अपेक्षाही नजरेला त्याच बाजूला ओढते. म्हणून शेजारच्या खलाशाला ‘तो बघ बोया’ असे न म्हणता ‘समोर काय दिसते?’ एवढेच विचारावे, आणि आपणही क्षणभर नजर दुसरीकडे नेऊन पुन्हा पाहावे.