नाशिकचा ॲपोफायलाइट देवघरात ठेवावा का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: दुकानातून आणलेला ॲपोफायलाइट या खनिजाचा हा पारदर्शक ‘पिरॅमिड’ नैसर्गिक आहे की कापलेला, देवघरात चालेल का, आणि दुकानदार म्हणतो तसा दर पौर्णिमेला मिठाच्या पाण्यात ठेवायचा का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात खड्याचंच नुकसान आहे. मिठाच्या पाण्यात अजिबात ठेवू नका.

ॲपोफायलाइटच्या रचनेतच पाण्याचे रेणू असतात. तापवला की ते पाणी निघून जातं आणि खड्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून निरंजनाच्या ज्योतीजवळही नको. मीठ बारीक चिरांमध्ये शिरून सुकतं, मग चकाकी जाते. लिंबू, ॲसिड तर दूरच ठेवा. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकली की पुरे. खनिजांच्या एक ते दहाच्या मोहस मापावर कठीणपणा जेमतेम साडेचार ते पाच, त्यामुळे अंगठीत घालायचा हा खडा नाही.

आता हा येतो कुठून. पांडवलेणी ज्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, कोरली आहेत, त्याच खडकातून. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकात मुरलेल्या गरम पाण्यातून पोटॅशियम, कॅल्शियम आणि सिलिका त्या पोकळ्यांत उतरत गेली आणि स्फटिक वाढले. विहिरीचं खोदकाम किंवा खडीच्या खाणीतला सुरुंग अशी पोकळी उघडी पाडतो. आत फिकट गुलाबी-नारिंगी स्टिलबाइट, पांढऱ्या सुयांचा स्कोलेसाइट आणि मधूनच काचेसारखा स्वच्छ, चौकोनी अंगाचा, टोकदार माथ्याचा ॲपोफायलाइट! हा माथा कुणी तासलेला नसतो. मला तरी यापुढे कोणताही घडवलेला पिरॅमिड फिका वाटतो.

देवघरात जरूर ठेवा, हरकत काहीच नाही. मात्र नवरत्नांत हा नाही, कोणत्याही ग्रहाशी तो परंपरेने जोडलेला नाही. आज्ञाचक्र, सहस्रार, ध्यान यांच्याशी त्याची सांगड अलीकडची, क्रिस्टल हीलिंगवाल्यांनी, म्हणजे खड्यांनी उपचार होतात असं मानणाऱ्यांनी, घातलेली. जपाला बसताना मी तो समोर ठेवतो, नजर स्थिरावते आणि मन शांत होतं. एवढ्यासाठी तो मला प्रिय आहे. पण साडेसाती टळेल किंवा आजार बरा होईल म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर देऊ नका.

खरा की कापलेला, ते असं ओळखा. उभ्या बाजूंवर बोट फिरवा, नैसर्गिक स्फटिकावर बहुधा बारीक उभ्या रेषा लागतात. तळाशी जिथून तो सुटला, ती बाजू सपाट आणि मोत्यासारखी चमकते. सहा बाजू दिसल्या तर तो साधा स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ. आणि सगळीकडून सारखंच गुळगुळीत पॉलिश असेल तर यंत्रावर कापलेला. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात अस्सल नमुने आहेत, पुढची खरेदी करण्याआधी तिथे जाऊन नीट पाहून या.