ग्रुपवर होकार, वर्गणीला नकार

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 64 सभासद आहेत. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून नवा बोअर पाडायचा की साठवण टाकी मोठी करायची, असं विचारलं. अर्ध्या तासात आठ जणांनी बोअरला अंगठा दिला, विरोध कुणीच केला नाही. वर्गणी मागायला गेलो तर निम्मे लोक म्हणतात, आम्ही कुठे हो म्हणालो? – सोसायटीचे सचिव, जुळे सोलापूर

उत्तर: आठ जण बोलले, छप्पन्न गप्प बसले, आणि तुम्ही गप्प बसणाऱ्यांना होकारात धरलंत. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात अमेरिकेत प्रयोग केले. दिलेल्या रेघेइतकी लांब रेघ तीनांतून ओळखायची, इतकं सोपं काम. आधी बोलणारे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत, तेव्हा खऱ्या सहभागी माणसाची सुमारे एक तृतीयांश उत्तरं त्यांच्याच मागे जात. मात्र आधीच्यांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिलं, किंवा उत्तर कागदावर गुपचूप लिहू दिलं, की हे प्रमाण झपाट्याने उतरे.

तुमच्या ग्रुपवर पहिला अंगठा चेअरमननी दिला होता का, तेवढं वर जाऊन बघा. रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाला चारचौघांत नाही म्हणणं जड जातं. व्हॉट्सअ‍ॅपच्या नेहमीच्या पोलनेही हे सुटत नाही, कारण कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसतं.

पुन्हा विचाराल तेव्हा आधी दोन्ही पर्यायांचा खर्च, दर घरामागे किती पडतो तो आकडा काढून, एकाच मेसेजमध्ये टाका. मग ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन दिवस फक्त अ‍ॅडमिनलाच मेसेज पाठवता येतील असं करा. मत गूगल फॉर्मवर घ्या. त्यात ईमेल गोळा करणं बंद ठेवा, आणि मत दिल्यावर निकालाचा गोषवारा दिसतो तो पर्यायही बंद असल्याची खात्री करा. नाहीतर मागून येणारे पारडं बघून मत देतात. ज्येष्ठांसाठी चिठ्ठी आणि डबा उत्तम. ‘दोन्ही नको’ हा पर्याय मात्र हवाच. चर्चा मोजणीनंतर.

प्रश्न: आम्ही यंत्रमागवाल्यांचा ग्रुप सुताच्या भावांची माहिती द्यायला काढला. आता रोज एकच सूर: व्यापारी मुद्दाम भाव चढवतात. पूर्वी मवाळ असलेलेही तावातावाने बोलतात. – टॉवेल कारखानदार, अक्कलकोट रोड

उत्तर: एका बाजूला कललेली माणसं आपसातच बोलत राहिली की मत मध्यावर येत नाही, त्याच बाजूला आणखी सरकतं. मॉस्कोविसी आणि झाव्हालोनी यांनी 1969मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांवर हे दाखवलं: फ्रान्सचे नेते द गॉल यांच्याबद्दल आधीच चांगलं मत होतं ते चर्चेनंतर आणखी चांगलं झालं, अमेरिकनांबद्दल वाईट होतं ते आणखी वाईट. कारणं दोन. कानावर नवे मुद्दे पडतात ते एकाच बाजूचे, आणि इतरांपेक्षा चार पावलं पुढे बोललं की शाबासकी मिळते.

तुमच्याकडे यावर मोजता येण्यासारखा इलाज आहे, तो जरूर वापरा. भावाबद्दल लिहायचं तर बिलाचा फोटो हवा, त्यावर काउंट (सुताच्या जाडीचा आकडा), तारीख आणि उधारीचे दिवस दिसले पाहिजेत. 45 दिवसांच्या उधारीचा भाव आणि रोखीचा भाव शेजारी ठेवून भांडणं होतात, हे बिल समोर आलं की उघड होतं. दोन-तीन सूत व्यापारी ग्रुपवर घ्या. एकच घेतलात तर तो बोलणार नाही.

प्रश्न: एकच मेसेज चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला, तर तो खरा मानावा का? – वाचक, विजापूर रोड

उत्तर: नाही. चारही ठिकाणी तो एकाच जागेहून आलेला असू शकतो. पुन्हापुन्हा वाचल्याने तो ओळखीचा वाटतो, आणि ओळखीचं खरं वाटू लागतं. मेसेजवर दुहेरी बाण असेल, तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय. अशा मेसेजमध्ये तारीख, ठिकाण आणि सांगणाऱ्याचं नाव शोधा. तिन्ही नसतील तर पाठवणाऱ्याला ग्रुपवर न टोकता खासगीत विचारा, ‘हे कुठून आलं?’ चारचौघांत टोकलं की माणूस मेसेज मागे घेण्याऐवजी त्याची बाजू लढवतो.