रेट्रो डेसाठी साठच्या दशकातल्या नायिकेसारखं कमी पैशात कसं तयार होता येईल?

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात पुढच्या महिन्यात रेट्रो डे आहे, साठच्या दशकातल्या हिंदी सिनेमातल्या नायिकेसारखं दिसायचंय, भाड्याने मिळणारे पोशाख पाहिले तर ते फारच चमचमीत निघाले, आणि 1500 रुपयांच्या वर खर्च करायचा नाही. जमेल का? जमेल, आणि तेवढेही लागणार नाहीत.

मी पुण्यात हौशी नाटकमंडळींची रंगभूषा करते. एकांकिका स्पर्धांमध्ये जुन्या काळातली संहिता आली की मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांच्याजवळ पैसे कधीच नसतात. या कामातून एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली आहे. काळ ओळखू येतो तो आकारावरून. डोक्यामागचा केसांचा उंचवटा, ब्लाउजची पाठ आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बाहेर गेलेली रेघ, या तीन जागा बरोबर असतील तर बाकी साडी कपाटातली चालते. या तीन चुकल्या तर अस्सल जुनी साडी नेसूनही बाई आजचीच दिसते.

शिवाय हा थाट त्या काळातही स्वस्तातच केला जायचा. माझ्या आत्याचा 1966 मधला एक फोटो आमच्याकडे आहे, गिरगावातल्या स्टुडिओत काढलेला. कपाळावर कापलेली बट, बंद पाठीचा ब्लाउज, लांब ओढलेलं काजळ. ती तेव्हा चाळीत राहायची. बट मैत्रिणीने घरच्या कात्रीने कापली होती, ब्लाउज नाक्यावरच्या शिंप्याने सिनेमाचं पोस्टर बघून शिवला होता आणि काजळ आजीने घरी धरलेलं होतं. पडद्यावर दिसेल ते घरातल्या वस्तूंतून उभं करायचं, हीच तेव्हाची रीत होती. तुम्ही आज तेच करणार आहात, म्हणून ‘आपलं काहीतरी खोटं, स्वस्तातलं दिसेल’ ही भीती आधी काढून टाका.

पहिलं काम म्हणजे एक साल ठरवा. ‘रेट्रो’ म्हटलं की लोक पोलका डॉटचा टॉप, मोठा गॉगल, डोक्याला रुमाल आणि वर फुगवलेले केस असं सगळं एकत्र घालतात. त्यात साठ, सत्तर, सगळ्याची खिचडी होते. एका नायिकेचा एकच फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि त्यातच राहा. माझ्या मते तीन पर्याय सोपे आहेत. 1960 च्या ‘लव्ह इन सिमला’मधली साधना, म्हणजे कपाळावरची ती प्रसिद्ध बट. तिचं कपाळ रुंद दिसतं म्हणून हॉलिवूडची नायिका ऑड्री हेपबर्न हिच्यासारखे केस कापले गेले आणि पुढे त्याला ‘साधना कट’ हेच नाव पडलं. दुसरा पर्याय 1965 च्या ‘वक्त’मधली साधना, अंगाबरोबर बसणारा कुर्ता आणि चुडीदार. तिसरा 1968 च्या ‘ब्रह्मचारी’मधली मुमताज, ती घट्ट लपेटलेली केशरी साडी. यातले ‘वक्त’मधले कुर्ते आणि मुमताजची साडी ही भानू अथैया यांची कामं. कोल्हापुरात जन्मलेली ही बाई, पुढे ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय. साठच्या दशकातल्या नायिकेचा जो आकार आपल्या डोळ्यांसमोर येतो, त्याचा बराचसा भाग एका मराठी बाईने बेतलेला आहे, आणि हे आपल्याकडे अजून पुरेसं सांगितलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

आता केस. वेळ सगळ्यात जास्त इथे द्या, कारण पैसे इथे जवळजवळ लागतच नाहीत. केस आदल्या दिवशी धुवा, त्याच दिवशी नको. तेल नाही, कंडिशनरही नाही. गुळगुळीत केस उभे राहत नाहीत. शेपटीचा कंगवा घ्या. कपाळालगतचा चार बोटं रुंद भाग पुढे काढून क्लिपने बाजूला ठेवा, त्याला हात लावायचा नाही. त्यामागच्या, टाळूवरच्या केसांचे दोन बोटं जाडीचे पदर घ्या, एकेक पदर सरळ वर धरा आणि मधल्या लांबीपासून मुळाकडे कंगवा दाबत आणा. तीन-चार वेळा, वरून खाली, एकाच दिशेने. मुळाशी केसांची गादी तयार होते. प्रत्येक पदरावर थोडा हेअर स्प्रे मारा आणि तो पुढे पाडून पुढचा घ्या. सगळे झाले की मागे वळवा आणि बाजूला ठेवलेले पुढचे केस त्या गादीवरून अलगद फिरवून वरचेवर विंचरा. दिसायला गुळगुळीत, आत विंचरून उभी केलेली गादी. बहुतेकांची चूक अशी होते की वरचा थरही उलटा विंचरतात आणि मग डोकं घरट्यासारखं दिसतं. दुसरी चूक म्हणजे उंचवटा कपाळाच्या लगेच वर घेणं. तो टाळूवर, थोडा मागेच हवा. आरशात बाजूने बघा: कपाळापासून चढ हळूहळू आला पाहिजे.

केस पातळ असतील तर आत आधार लागतो. पूर्वी गंगावन, म्हणजे खोट्या केसांचा झुपका, असायचंच घरात. तुळशीबागेत किंवा भुलेश्वरला आजही मिळतं, पण मी त्याहून सोपं करते. जुना काळा पायमोजा घ्यायचा, बोटांकडचा भाग कापायचा आणि उरलेली नळी गुंडाळत नेऊन तिची चुंबळ करायची. पोनी बांधून ती या चुंबळीतून ओढून घेतली आणि केस तिच्यावर पसरून कडेने आकडे लावले की भरगच्च अंबाडा होतो. आकडे लावताना दोन आकडे एकमेकांना तिरके छेदतील असे लावा, म्हणजे ढिले पडत नाहीत. खर्च म्हणजे आकड्यांची एक पुडी.

बट हवी असेल तर कृपा करून एका दिवसासाठी केस कापू नका. वाढायला कित्येक महिने जातात आणि मधल्या काळात ती डोळ्यांत जाते. क्लिपने लावायची तयार बट ऑनलाइन दोन-तीनशेत मिळते. लांब केस असतील तर विनाखर्चाची युक्ती आहे: टाळूवर उंच पोनी बांधा, तिची टोकं कपाळावर पुढे आणून भुवयांच्या वर येतील एवढी ठेवा आणि जिथे पोनी दुमडली आहे त्यावर रुंद कापडी पट्टी बांधा. साडीच्याच रंगाची पट्टी असली की फार छान दिसतं.

कपड्यांत साडी शेवटी बघा, आधी ब्लाउज. आजचा ब्लाउज काळाचा घात करतो तो पाठीमुळे: खोल गळा, नाडी, खाली लटकन. साठच्या दशकातल्या ब्लाउजची पाठ वर मानेपर्यंत बंद, पुढचा गळा बोटीच्या आकाराचा किंवा लहान गोल, बाही एकतर कोपराच्या वर घट्ट थांबणारी, नाहीतर अजिबात नाहीच. तुमच्याकडे पैसे खर्चायची एकच जागा असेल तर ती ही. टू बाय टू रुबियाचा, म्हणजे ब्लाउजसाठीच्या पातळ सुती कापडाचा, कपडा घ्या, पुण्यात असाल तर लक्ष्मी रोड, मुंबईत असाल तर दादरचं हिंदमाता. शिंप्याला फोटोच दाखवा आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगा: पाठ बंद, पॅड नको, टक्स (छातीजवळ घातलेल्या चुण्या) टोकदार. तोंडी ‘जुन्या फॅशनचा’ असं सांगितलं तर तो फुग्याची बाही लावून देईल, माझ्याबाबतीत दोनदा तसं झालं आहे. शिलाईसकट पाचशे-सहाशेत व्हावा, आणि हा ब्लाउज नंतर रोजच्या सुती साड्यांवर वर्षानुवर्षं वापराल. शिवायला वेळ नसेल तर बंद गळ्याचा, ताणला जाणारा तयार ब्लाउज किंवा साधा बोटीच्या गळ्याचा टी-शर्ट चालतो. तो एकाच गडद रंगाचा आणि बिनचमकीचा घ्या.

आतल्या कपड्याबद्दल कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. तेव्हाचा छातीचा आकार टोकदार होता, आजच्या पॅडमुळे तो गोल होतो आणि बंद गळ्याचा ब्लाउजसुद्धा नवा दिसायला लागतो. शिवणीची साधी सुती, बिनपॅडची ब्रा घाला. दुकानात ती सगळ्यात स्वस्त असते.

साडी आई-मावशीच्या कपाटातली. जॉर्जेट, शिफॉन, नायलॉन, अंगाला चिकटून पडणारं काहीही. मोठी फुलं किंवा भौमितिक नक्षी, काठ बारीक. टिकल्या आणि खडे असलेली नको. खाली घेरदार परकर असेल तर सगळी मेहनत वाया जाते. जुना परकर उलटा करून दोन्ही बाजूंनी लांब टाके घाला आणि घेर कमी करा, चालण्यापुरती एका बाजूला गुडघ्याखाली चीर ठेवा. आता साडीखाली घालायचे घट्ट शेपवेअर मिळतात, मुमताजच्या साडीसाठी ते उत्तम. पण एका कार्यक्रमासाठी मी ते विकत घ्यायला सांगणार नाही, मैत्रिणीकडून मागून आणा.

कुर्ता-चुडीदार करणार असाल तर एकच सूचना. चुडीदार उरेब, म्हणजे तिरप्या धरलेल्या, कापडावर बेतलेली असते आणि पायापेक्षा कितीतरी लांब असते, म्हणून घोट्याजवळ चुण्या पडतात. साधी लेगिंग घातली की त्या चुण्या नाहीशा होतात आणि पाय उघडे पडल्यासारखे दिसतात. आपल्या मापापेक्षा लांब, ‘चुडीदार लेगिंग’ म्हणून मिळते ती घ्या. कुर्ता घरातलाच, गुडघ्याच्या थोडा वर कापून दुमडा आणि बाजूने टाके घालून अंगाबरोबर करा.

चेहऱ्याला खर्च फारसा नाही, सराव हवा. आजची सवय चेहरा चमकवायची आहे. तेव्हाचा चेहरा पावडरीने बसवलेला, मऊ, बिनचमकीचा. हायलायटर घरी ठेवा. फाउंडेशनवर कॉम्पॅक्टचा हात सढळ फिरवा, गालावर गुलाबी रंग अगदी थोडा. भुवया नाकाकडे जाड, बाहेरच्या टोकाला निमुळत्या. त्यांना काळी पेन्सिल वापरू नका, तपकिरी आयशॅडो ओल्या काडीने भरा.

डोळ्यांसाठी स्केचपेनसारखं लायनर शे-दीडशेत मिळतं. वरच्या पापणीवर रेघ आतून बारीक सुरू करून बाहेर जाड करत न्या, आणि कोपऱ्याच्या पुढे अर्धा बोट सरळ काढा, शेवटी किंचित वर. खूप वर वळवलीत तर ती आजची मांजरीच्या डोळ्याची रेघ होते. खालची रेघ फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात काढा आणि वरच्या रेघेला जोडू नका. दोन्हींमधल्या जागेत पांढरी पेन्सिल फिरवली की डोळा एकदम मोठा दिसतो. मी स्टेजवर या युक्तीने लहान डोळ्यांच्या मुलींना शेवटच्या रांगेपर्यंत पोचवलं आहे. हात थरथरत असेल तर कोपऱ्यापासून भुवईच्या टोकाकडे सेलोटेपचा तुकडा लावा, त्याचा डिंक आधी हाताच्या पाठीवर दोनदा चिकटवून कमी करा. खोट्या पापण्या स्वस्तातल्या घेऊन अर्ध्या कापा आणि बाहेरच्या अर्ध्या भागातच चिकटवा. एका जोडीत दोघींचं काम होतं.

लिपस्टिक कोरल किंवा गुलाबी, घरात असेल ती. लावून टिपून घ्या. गडद मरून आणि काठाने आखलेले ओठ नकोत. कुंकू मात्र विसरू नका. पाकिटातली टिकली चालेल, पण बाटलीतलं गंध आगकाडीच्या टोकाने लावलं तर ते थेंबासारखं, किंचित वाकडं येतं, आणि त्या वाकडेपणातच तो काळ दिसतो. कानात मोत्याच्या कुड्या, गळ्यात एकपदरी मोत्याची माळ किंवा काहीच नाही, एका हातात बारीक पट्ट्याचं घड्याळ. एवढं बस्स. अंबाड्यावर शेवंतीची वेणी घातलीत तर ती सकाळी बाजारातून ताजी आणा. प्लास्टिकची लांबूनही कळते.

कार्यक्रमाआधी दोनदा पूर्ण तयारी करून बघा आणि खिडकीच्या उजेडात फोटो काढून तो कृष्णधवल करा. रंग गेले की आकारातली चूक लगेच दिसते: उंचवटा एकीकडे झुकलाय, बाही सैल आहे, रेघा लहान-मोठ्या आहेत. आत्याच्या फोटोशेजारी माझ्या भाचीचा असाच फोटो ठेवला तेव्हा आत्याने पहिल्यांदा केस बघितले आणि म्हणाली, ‘अजून थोडा मागे घे.’ तिचं बरोबर होतं.

रात्री केस सोडवताना घाई करू नका. माझ्याकडे नाटकासाठी आलेल्या एका मुलीने थेट वरून ब्रश फिरवला आणि मुठीभर केस तुटले. आधी सगळे आकडे मोजून काढा, मग केस ओले न करता टोकांना कंडिशनर चोळा आणि बोटांनी टोकाकडून मुळाकडे थोडं थोडं सोडवत या. मगच मोठ्या दातांचा कंगवा आणि पाणी. अर्धा तास लागतो.

तुमचे केस खांद्याच्या वर असतील तर चुंबळीचा अंबाडा होणार नाही, मग उंचवटा ठेवून टोकं बाहेर वळवायची असतात आणि त्याची रीत वेगळी आहे. लांबी कळवा, मी सविस्तर लिहिते.